वाळवंटातला फ्रिज

फीनिक्सहून इंटरस्टेट १० ने पश्चिमेला निघालं की साधारण दोन तासांत क्वार्ट्झसाइट लागतं. कोलोरॅडो नदी आणि कॅलिफोर्नियाची हद्द तिथून वीसेक मैलांवर. एरवी हे गाव अगदी लहान, उन्हाळ्यात तर सामसूम. पण जानेवारीत चारी बाजूंच्या माळावर मोटरहोम आणि ट्रेलर यांची अशी दाटी होते, की माझ्या बाबांना कार्तिकीतलं चंद्रभागेचं वाळवंट आठवलं. जमीन बहुतेक सरकारी, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. गावाच्या दक्षिणेला ला पोसा भागात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगामी परवाना काढून राहता येतं. इतर काही जागी १४ दिवस फुकट. नळ नाही, विजेचा खांब नाही. जे काय लागेल ते आपलं आपण आणायचं.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघं तिथे होतो. मी, नवरा आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले माझे आई-बाबा. आमची मोटरहोम जुनी घेतलेली, २००५ सालची. त्यातला फ्रिजही त्याच वयाचा. वरच्या कप्प्यात दही, विरजणाची वाटी, कोथिंबीर. आणि मधल्या कप्प्यात, डब्यात नीट ठेवलेली आईच्या इन्सुलिनची पेनं.

या जुन्या फ्रिजने बाबांना पहिल्याच दिवशी खिशात टाकलं होतं. "ज्योत पेटवून गार करतात?" त्यांनी तीनदा विचारलं. मोटरहोममधले पारंपरिक फ्रिज आपल्या घरातल्यासारखे नसतात. त्यांत कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. मागच्या बाजूला गॅसची छोटी ज्योत अमोनियाचं पाणी तापवते. अमोनिया वाफ होऊन वर जातो, निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडताना आतली उष्णता घेऊन जातो. मग पाणी त्याला परत शोषून घेतं आणि फेरा पुन्हा सुरू. बाबा म्हणाले, "म्हणजे आपला माठच की! फक्त झिरपलेलं पाणी परत माठात आणायची सोय केलेली." इतकं सोपं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हा फ्रिज १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढला. याच सुमारास फ्रिजचं वेड आइनस्टाइनलाही लागलं होतं. त्याने लिओ झिलार्डबरोबर हलता भाग नसलेला स्वतःचा फ्रिज रचला आणि १९३० मध्ये त्यांना त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तो काही बाजारात आला नाही. स्वीडनच्या पोरांचा मात्र गावोगाव फिरला, कारण त्याला वीज लागत नव्हती.

पण त्याची एक अट होती. आतले द्रव केवळ उतारावरून वाहतात, म्हणून गाडी सपाट उभी हवी. तिरकी उभी राहिली की प्रवाह तुंबतो, तापणारी नळी नको तितकी तापते आणि फ्रिजचं आयुष्य घटतं. त्यामुळे मुक्काम कुठे करायचा हे आम्ही नाही, फ्रिज ठरवायचा. डोंगर दिसणारी जागा उताराची असली की पुढे चला. बाबांचं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं, हे काम त्यांनी आनंदाने अंगावर घेतलं. फ्रिजच्या तळाशी पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा आणि बाहेर ओरडायचं, "जावईबापू, डाव्या चाकाखाली अजून एक फळी!"

क्वार्ट्झसाइटच्या तिसऱ्या सकाळी आईने फ्रिज उघडला आणि नाकाला पदर लावला. "अगं, केसांना लावायच्या डायसारखा वास येतोय." डायमधला तो उग्र वास अमोनियाचाच. नवऱ्याने गॅस बंद केला, आम्ही खिडक्या उघडून बाहेर आलो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला, फ्रिजमागची जाळी काढली तर नळ्यांवर पिवळट डाग ओघळलेले. गंज लागू नये म्हणून आतल्या पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. त्याचा पिवळा रंग बाहेर दिसला, म्हणजे नळीला चीर गेली. अशा फ्रिजला औषध नाही.

पहिली चिंता इन्सुलिनची. न उघडलेली पेनं ३६ ते ४६ अंश फॅरनहाइटमध्ये ठेवायची, आणि गोठलं तर ते इन्सुलिन टाकूनच द्यायचं. म्हणून नुसतं बर्फात खुपसूनही चालत नाही. बर्फाची पेटी आणली, पेनं टॉवेलात गुंडाळून वरच्या ताटलीत ठेवली आणि शेजारी थर्मामीटर. आई दर तासाला आकडा वाचायची. दुपारी हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुम्ही परत फिरू नका." दोन तासांवर घर होतं, परत जाणं सोपं होतं. पण तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. पुढच्या वेळी येणं जमेल की नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

क्वार्ट्झसाइटची एक गंमत आहे: जानेवारीत तिथे मोठा तंबू ठोकून मोटरहोमवाल्यांचं प्रदर्शन भरतं, आणि गाडीजवळ येऊन दुरुस्ती करणारे कारागीर वाळवंटात सगळीकडे फिरत असतात. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा आले. त्यांनी दोन पर्याय सांगितले: पुन्हा तसाच गॅसचा घ्या, नाहीतर बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा. छतावर सोलर पॅनेल आणि खाली दोन लिथियम बॅटऱ्या आमच्याकडे आधीच होत्या. हिशेब बाबांनी वहीत मांडला: फ्रिजला दिवसाला साठेक अँपिअर-तास, बॅटऱ्यांत दोनशे. सूर्य तीन दिवस रुसला तरी इन्सुलिन गार. दुसरा पर्याय ठरला.

खरी कसरत जुना बाहेर काढण्याची. गाडीचं दार जेमतेम दोन फुटांचं. फ्रिजची दारं उतरवली, गाडीचं जाळीचं दार काढलं आणि तिघांनी तो आडवा करून बाहेर आणला. गॅसच्या नळीला पितळी बूच बसवून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. घरी सिलिंडर बदलताना आपण हेच करतो, हे आईने आजोबांना मराठीत समजावलं आणि त्यांना ते समजलंसुद्धा. बॅटरीपासून जाड तार ओढली, कारण बारा व्होल्टला बारीक तारेत वाटेतच गळती लागते.

हे चाललेलं असताना मी आईला गावातली प्रसिद्ध कबर दाखवायला नेलं. दगडी पिरॅमिड आणि टोकावर तांब्याचा उंट. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर ऑटोमन साम्राज्यातून हाजी अली नावाचा माणूस आला. उंटांचा प्रयोग फसला, माणूस इथेच राहिला. नाव न जमल्याने लोकांनी त्याचा 'हाय जॉली' केला. १९०२ मध्ये तो इथेच वारला. मुंबईचा हाजी अली ठाऊक असलेली आई थोडा वेळ उभी राहिली. "इतक्या लांब आला, आणि परत गेलाच नाही," एवढंच म्हणाली. मी काही बोलले नाही. मला या देशात बावीस वर्षं झाली आहेत.

संध्याकाळी नवा फ्रिज घुमू लागला. जुना अगदी मुका होता, हा मधूनमधून हुंकार देतो. रात्री थर्मामीटर ३८ वर आला तेव्हा आईने पेनं आत ठेवली आणि त्यांच्या शेजारी विरजण.

आपल्यापैकी कुणी जुनी मोटरहोम घेणार असेल, तर फ्रिजमागची जाळी काढून आधी पिवळे डाग शोधा. आणि सोबत औषधं असतील तर बर्फाची पेटी नेहमी जवळ ठेवा.

पुढचे आठ दिवस आम्ही कोफाच्या डोंगरांकडे तोंड करून, उतारावर राहिलो. थोड्या तिरक्या गाडीचं या फ्रिजला काही वाटत नाही. बाबांना मात्र वाटायचं. झोपायच्या आधी ते पाणसळ काढायचे आणि आईच्या उशाकडे ठेवून बघायचे.