पॅराशूटची घडी

ज्यांच्याबद्दल लिहितोय, ते यूटातले एक निवृत्त डिझेल मेकॅनिक. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. बॉनव्हिलला वेगाच्या विक्रमासाठी गाडी उतरवणारी आमची सगळी टीम त्यांना चीफ म्हणते, मीही तेच म्हणतो.

बॉनव्हिल म्हणजे वेंडोव्हर गावाबाहेर, सुमारे 4,200 फूट उंचीवर पसरलेलं मिठाचं मैदान. 1949 पासून जवळजवळ दर ऑगस्टमध्ये तिथे स्पीड वीक ही वेगाच्या विक्रमांची स्पर्धा भरते. विक्रम म्हटलं की लोकांना अँडी ग्रीन आठवतात, 1997 साली नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी 763 मैलांनी गेलेले. आमचा पसारा तेवढा नाही. घरच्या शेडमध्ये बांधलेली एक लांबट, बुटकी गाडी, साधं पिस्टनचं इंजिन, आणि त्या गटातल्या विक्रमावर डोळा. पगार कुणालाच नाही. पेट्रोल, टायर, खाणावळ, सगळं आपापल्या खिशातून.

मी कोल्हापूरचा. माझे वडील, आबा, उद्यमनगरात लेथवर उभे असायचे, त्यामुळे पाना हातात धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण मिठावरची शिस्त निराळी, आणि ती मला चीफनी दिली. 2014 साली मैदानावर पाणी साचलं, 2015 साली चिखल झाला आणि मिठाचा थर पुरेना. दोन्ही वर्षी स्पर्धा रद्द झाली. टीममधले बरेचजण पांगले. चीफ मात्र मला शनिवारी शेडवर बोलवत राहिले. त्या रिकाम्या काळात त्यांनी मला पॅराशूट बांधायला शिकवलं.

मिठावर टायरची पकड कमी. भर वेगात ब्रेक दाबला तर चाकं घसरतात आणि गाडी गरगरते. म्हणून मोजणीचा टप्पा ओलांडला की ड्रायव्हर दांडा ओढतो, आणि वेग मोडतो तो मागचं पॅराशूट. ते बांधायचं काम म्हणजे गुडघे मोडून तासभर बसणं. आधी धुतलेली ताडपत्री अंथरायची. दोऱ्या एकेक करून बोटांतून ओढत न्यायच्या, पीळ राहता कामा नये. मग कापडाची पट्टी पट्टीवर, तळहाताने हवा काढत. शिवणीत मिठाचा कण राहिला तर तो ओल धरतो, नायलॉन कापतो. चीफ शिवण नखाने चाचपून बघायचे. शेवटी स्प्रिंगवालं छोटं पॅराशूट दाबून पिन लावायची आणि वहीत सही करायची. ते म्हणायचे, "सही तुझी, तर माणूसही तुझा."

माल्कम कॅम्पबेल यांनी 1935 साली याच मिठावर ताशी 300 मैलांची वेस ओलांडली. त्यांच्या, आणि पुढे त्यांचा मुलगा डोनाल्ड याच्याही गाड्या सांभाळणारे मेकॅनिक लिओ व्हिला हे चीफचं दैवत. ड्रायव्हरची नावं जगाला पाठ, व्हिलांचं नाव मला या शेडमध्ये पहिल्यांदा कळलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

एका ऑगस्टमध्ये आमची गाडी जुन्या विक्रमाच्या वर गेली. नियम असा, की मग गाडी राखीव आवारात न्यायची, कामाला चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचं. दोन धावांची सरासरी धरतात. पॅराशूट बांधून मी सही केली आणि फोन वाजला. कोल्हापुरात तेव्हा उजाडत होतं. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आबा गेले."

चीफनी काही विचारलं नाही. हातातलं फडकं ठेवलं, आपल्या कार्डावर माझं तिकीट काढलं आणि स्वतः गाडी काढली. वेंडोव्हर ते सॉल्ट लेक सिटीचा विमानतळ, रात्रीचा दोनेक तासांचा रस्ता. आयुष्यभर ज्या सकाळची वाट पाहिली तिच्या आदल्या रात्री, सत्तरी उलटलेला माणूस मला सोडायला येत होता. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुझ्या वडिलांचं काम सांग." मी लेथबद्दल बोलत राहिलो. आबांबद्दल एवढं मी आधी कुणाशीच बोललो नव्हतो.

मुंबईला उतरून फोन सुरू केला. त्यांचा निरोप होता: पॅराशूट सरळ उघडलं, तुझी घडी मी कुणाला सोडू दिली नाही. त्याखाली दुसरी ओळ: पिस्टन जळाला, विक्रम हुकला.

परत गेल्यावर तिकिटाचे पैसे घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. नको-नको त्यांनी केलं नाही. नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि विचारलं, "आई कशी आहे?" पुढे आई होती तोवर, शेडवर गेलो की पहिला प्रश्न हाच असायचा. त्यांना नीट उत्तर देता यावं म्हणून मी दर शुक्रवारी रात्री घरी फोन करायला लागलो.