चार्जर हवा, पण तांबं कुठून?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ईव्ही चार्जरचा विषय केबलच्या खर्चावर अडलाय. पेट्रोलच्या गाडीत साधारण २३ किलो तांबं असतं, बॅटरीवरच्या गाडीत ८०च्या आसपास. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची वायर वेगळीच.

स्टरलाइटचा तांबे प्रकल्प नव्वदच्या दशकात रत्नागिरीकरांनी आंदोलन करून रोखला. तो तुतिकोरिनला गेला. तिथे २०१८मध्ये प्रकल्पाविरोधी मोर्चावरच्या गोळीबारात १३ जणांचा जीव गेला, प्रकल्प बंद झाला. शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश तेव्हापासून आयातदार झालाय.

रत्नागिरीकरांचं काही चुकलं नाही. पण गाडी आपल्या दारात आणि धूर दुसऱ्याच्या, हे किती दिवस चालणार? निदान रिनोव्हेशनमध्ये निघालेली जुनी वायर तरी कुणाला जाळू देऊ नका. तेही तांबंच आहे, सोलून भंगारात द्या.