आमच्या वाड्याचा गर्डर

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांवर इथे पुष्कळ लिहून झालंय, पण छताखालच्या लोखंडाबद्दल काही वाचलं नाही, म्हणून लिहितो.

लष्करातल्या जुन्या घरांत लोखंडी गर्डर आणि त्यांवर दगडाच्या पटिया असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या जनकगंजच्या घरात वरच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून दिवाणखान्याच्या गर्डरची खालची पट्टी मधोमध पापुद्रे सुटून पातळ झाली होती. ठेकेदार म्हणाला, पटिया काढा, स्लॅब घाला. म्हणजे वर राहणाऱ्या ८६ वर्षांच्या वहिनींना चार-सहा महिने बाहेर काढा. वहिनी म्हणाल्या, "मी आता एकदाच बाहेर पडणार." यावर कोण काय बोलणार!

पुतण्या इंजिनिअर. वेल्डिंगला त्याने साफ नकार दिला. एवढ्या जुन्या लोखंडाची जात ठाऊक नसताना वेल्ड केलं तर शेजारीच तडा जायचा. त्याऐवजी कार्बन तंतूंची पट्टी इपॉक्सीने चिकटवू म्हणाला. डिंकाने घर सांधणार? पण इंग्लंडमधला १८१० चा टिकफर्ड पूल, बिडाचा, १९९९ साली असाच मजबूत केलाय. त्याआधी ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन बेकर यांनी मिराज विमानांवर बोरॉन तंतूंची ठिगळं चिकटवली होती. मिराज म्हटल्यावर ग्वाल्हेरचा माणूस काय बोलणार? (आपली मिराज २०००, ती आधीची, एवढाच फरक.)

आधी मोरीची गळती बंद केली. मग खालून जॅक लावून गर्डरवरचं ओझं थोडं उचललं. नाहीतर पट्टी फक्त पुढे येणारा भार घेते, आधीचा नाही. गंज घासून लोखंड चकचकीत केलं आणि त्याच दिवशी चिकटवलं. मध्ये काचतंतूंचा पातळ थर, कारण कार्बन लोखंडाला टेकला आणि ओल मिळाली की बॅटरीसारखा प्रकार होऊन गंज उलट वाढतो. भिंतीत शिरलेलं टोक मात्र कुजलेलंच होतं. तिथे चिकटवण्याचा उपयोग नाही, सरळ लोखंडी खांब दिला.

हिशेब त्याने असा धरला होता की उद्या पट्टी सुटली तरी आहे तेवढं ओझं गर्डरने एकट्याने पेलावं. हे मला फार पटलं. बँकेत कर्ज देताना जामीनदाराकडे बघून नाही, कर्जदाराकडे बघून द्यावं, तसंच.

दर दिवाळीला मी शिडीवर चढून रुपयाच्या नाण्याने पट्टी ठोकून बघतो. सुटली असेल तिथे आवाज पोकळ येतो. वरून वहिनी विचारतात, "भाऊजी, काय म्हणतोय?" अजून तरी ठणठणीत आहे. मोरीचा पाइप मात्र पुन्हा बदलावा लागला.