नरसाळं, भोवरा की घंटा?

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, मिसळीनं डोळ्यांत पाणी आणतो आणि परत येतो. आम्ही या सुट्टीत आणखी एका ठिकाणी गेलो. शिवाजी उद्यमनगर!

इथल्या गल्लीत शिरलात की आधी कानांनाच कळतं. एका दारातून लेथची घरघर, दुसऱ्यातून ग्राइंडरची किंकाळी, पलीकडे हातोड्याचे घाव. विहिरीवरच्या ऑईल इंजिनांसाठी कोल्हापूर पूर्वीपासून नावाजलेलं. इथल्या परिसरातून आज मोटारींचे ओतीव भागही बाहेर जातात.

माझ्या मावसभावाचं इथं छोटं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन यायचं होतं, म्हणून जुनं सामान बाहेर निघत होतं. भंगारवाला काटा लावून दारातच बसलेला. त्या ढिगातून माझ्या लेकीनं एक वस्तू उचलली. लोखंडाचं, मुठीत मावेल एवढं नरसाळं. पण त्याच्या नळीत एक दांडी बसवलेली! वरून दाबली की खाली सरकायची, सोडली की स्प्रिंगनं परत वर.

"तेल ओतायचं असेल," लेक म्हणाली. पण दांडीनं भोक बुजलेलं, तेल जाणार कुठून?

"भोवरा!" पुतण्या म्हणाला. वाजवून पाहिलं तर घंटाही नव्हती. गंमत म्हणजे मावसभाऊ स्वतः डिप्लोमावाला, पण त्यालाही सांगता येईना. "टाका काट्यावर," तो म्हणाला.

कोपऱ्यात स्टुलावर काका, म्हणजे मुलांचे आबा, बसले होते. चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. मघापासून गप्प होते, ते आता बोलले. "थांबा की जरा. त्याचा चहा हुईस्तोवर वळखा. न्हाई वळखलं तर घिऊन जाऊ दे त्याला."

भंगारवाल्याचा चहा केवढा असणार? मुलं घाईला आली.

"आबा, काहीतरी खूण सांगा ना!"

"मी कशाला सांगू? त्येच सांगतंय. बघा नीट."

मग मुलांनी खरंच नीट पाहिलं. दांडीचं वरचं डोकं चेपून अळंबीसारखं पसरलं होतं. म्हणजे यावर हातोडी बसत होती. खालचं टोक अणकुचीदार. म्हणजे हे कशावर तरी टिंब उमटवतं. आणि नरसाळ्याच्या आत गोल गोल ओरखडे होते, काही तोंडाशी, काही खोलवर.

"आत काहीतरी गोल बसत होतं! लहानमोठं!" लेक ओरडली. पुतण्यानं गजाचा एक तुकडा उभा धरून त्यावर नरसाळं टेकवलं. वर हातोडीचा एक ठोका. उचलून पाहिलं तर गजाच्या तोंडावर बरोब्बर मधोमध टिंब!

एक इंची गज, पाऊण इंची, अर्धा इंची, सगळ्यांवर तेच. आबा हसले. "बेल सेंटर पंच म्हनत्यात ह्येला. आमच्या उस्तादानं दिल्याला."

नववी-दहावीच्या दोस्तांनो, वर्तुळाचा मध्य कसा काढता तुम्ही? दोन जीवा काढायच्या, त्यांचे लंबदुभाजक जिथं भेटतील तो मध्य. हे नरसाळं तेच काम एका ठोक्यात करतं. शंकू आडवा कुठंही कापा, वर्तुळच मिळतं, आणि त्या सगळ्या वर्तुळांचे मध्य एकाच अक्षावर असतात. दांडी नेमकी त्या अक्षावरून सरकते. म्हणून तोंडात मावेल असा कुठलाही गोल गज चालतो.

पण मध्य हवा कशाला? पूर्वी लेथवर बरंचसं काम दोन टोकदार सेंटरांमध्ये गज अडकवून चाले. त्यासाठी दोन्ही टोकांना मधोमध भोक पाडावं लागे, आणि भोकाआधी टिंब. पुढं तीन जबड्यांचा चक घरोघरी, म्हणजे वर्कशॉपोवर्कशॉपी, आला. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम सरकतात आणि गज आपोआप मधोमध धरतात. मग या नरसाळ्याची आठवण कुणाला राहणार?

पुतण्याला चेव आला. त्यानं करवतीनं तिरका कापलेला एक तुकडा घेतला नि ठोका घातला. यावेळी टिंब चक्क एका बाजूला! तो हिरमुसला.

"आरं, त्येचं काय चुकलं न्हाई," आबा म्हणाले. "तोंड तिरकं असलं की नरसाळंबी तिरकंच बसनार. आधी कानस मार, गुण्या लावून बघ, मग ठोक."

पुतण्यानं पंधरा मिनिटं कानस घासली. आबांनी दोनदा गुण्या लावून तुकडा परत दिला, तिसऱ्यांदा मान हलवली. ठोका. टिंब मधोमध.

एव्हाना भंगारवाल्याचा दुसरा चहाही संपला होता. बाकीचा ढीग काट्यावर चढला. मावसभावानं तेवढं नरसाळं फडक्यानं पुसलं आणि नव्या मशीनसाठी आणलेल्या हत्यारांच्या कपाटात ठेवलं. "तितं नगं," काका म्हणाले, "पोरांच्या हाताला लागंल असं ठेव."