बेत द्राक्षबागांचा

सहलीपेक्षा सहलीचा बेतच अधिक गोड असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. बेतात ऊन लागत नाही, बस चुकत नाही आणि खिशाला चाटही बसत नाही!

गेल्या वर्षी माघात कॉलेजच्या कँटीनमध्ये आमचा असाच एक बेत शिजला. वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ पाहून झाले होते. कुणीतरी म्हणाले, "नाशिकला जाऊ. द्राक्षबागा पाहू, वाइन कशी करतात तेही पाहू." माणसे चारच. दिवस दोन. घाई कसलीच नाही. छत्रपती संभाजीनगरहून वैजापूर, येवला, विंचूर, निफाड असा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता. येवल्यात पैठणीचे माग पाहायचे, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी, आणि संध्याकाळी गंगापूर धरणाजवळचे सुला. तिथली पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, ही माहिती मी मोठ्या ऐटीत पुरवली. घरी मात्र 'वाइन' हा शब्द काढायचा नाही, 'अभ्याससहल' म्हणायचे, हेही ठरले.

आमच्यातला चौथा निफाड तालुक्यातला. तो सारा वेळ गप्प होता. शेवटी एवढेच म्हणाला, "आधी आमच्या बागेत या. मग कुठे जायचे तिकडे जाऊ."

निघायच्या चार दिवस आधी अवकाळी पाऊस झाला. तो रात्रीच्या गाडीने घरी गेला. बेत रद्द करावा म्हणून आम्ही फोन केला, तर म्हणाला, "या. बाग पाहायची होती ना तुम्हाला?"

आम्ही गेलो. येवल्याला उतरलोच नाही. बागेत काढणीला आलेले घड लोंबत होते. पण मण्यांना चिरा पडलेल्या, रस ओघळलेला, वर माश्या घोंगावत होत्या. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची मेहनत, फवारण्या, सोसायटीचे कर्ज, सारे त्या चिरांतून गळत होते. व्यापाऱ्याने सौदा मोडला होता.

मी विचारले, "काका, ही वाइनवाल्यांना नाही का देता येणार?"

ते हसले. "बाळा, त्यांची जात निराळी. बारीक मणी, जाड साल, आत बी. ही आपली खायची थॉमसन." ऐटीत सांगितलेली माझी सारी माहिती त्या चिखलात रुतली.

मग काका रांगेमागून रांग फिरले आणि एक धड घड शोधून घेऊन आले. "पहिल्यांदाच आलात, अन् हातावर ठेवायला चांगले काही नाही," म्हणून ओशाळले. खरे तर ओशाळायला हवे होते आम्ही.

नाशिकला आम्ही गेलोच नाही. दोन दिवस हातात कात्र्या घेऊन तडकलेले मणी काढीत, धड घड वेगळे करीत तिथेच राहिलो. बोटे चिकट झाली, माना दुखल्या, बोलणे थोडेच झाले.

बेतातले काहीच घडले नाही. घरी 'अभ्याससहल' म्हणून मारलेली थाप तेवढी खरी ठरली.