आकड्याची सनद

दर जुम्म्याला माझ्या मोबाईलवर एक तरी फॉरवर्ड येतो. खोल समुद्रातला अंधार, दोन समुद्रांचं न मिसळणारं पाणी, आणि खाली ठरलेलं वाक्य: विज्ञानाला हे आत्ता कळलं, आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. माझा ईमान इतका कच्चा नाही की त्याला प्रयोगशाळेचा टेकू लागावा. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या समुद्राचा आपण इतका दाखला देतो, तो मोजायला आपल्यातले किती जण जातात?

मी विद्यार्थिनी असताना एका संशोधन जहाजावर अरबी समुद्रात काही आठवडे काढले. काम साधं होतं, पाण्यातला प्राणवायू मोजायचा. जहाज एका जागी थांबतं. लोखंडी चौकटीवर गोलाकार लावलेल्या २४ बाटल्या आणि मधोमध सीटीडी नावाचं यंत्र विंचने खाली सोडतात. मिनिटाला साधारण ६० मीटर. तीन हजार मीटर खाली जायला जवळजवळ तास लागतो, वर यायला त्याहून जास्त, कारण येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करायची असते. वर पाणी २८ अंशांचं, तळाकडे जेमतेम २ अंशांचं. क्षार यंत्र थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून हिशेब करतं.

चौकट डेकवर आली की पहिला मान प्राणवायूचा. बाटली उघडली की हवा आत शिरते आणि नमुना बिघडतो. म्हणून रबरी नळी काचेच्या कुपीच्या तळाशी नेऊन, एकही बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, थोडं वाहू द्यायचं, मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड घालायचं. हंगेरीच्या विंकलरने १८८८ मध्ये दिलेली ही रीत आजही चालते. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. वरच्या पाण्याचा झालाही. पण तीनशे-चारशे मीटरवरच्या कुप्या पांढऱ्याच राहिल्या. दुधासारख्या. त्या पाण्यात श्वास घेण्याजोगं जवळपास काहीच नव्हतं.

कारण मान्सूनमध्ये आहे. वाऱ्याने खालचं खतावलेलं पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती फोफावतात, मरतात, खाली बुडतात, आणि त्यांना कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात. उत्तरेला जमीन असल्याने त्या बाजूने ताजं पाणी येत नाही. पृष्ठभागावर किलोमागे २०० मायक्रोमोलच्या आसपास असलेला प्राणवायू मधल्या थरात ५ च्याही खाली जातो.

पण मला जास्त शिकवलं ते पुढच्या कामाने. यंत्रावर प्राणवायूचं संवेदक असतंच, पडद्यावर आकडा लगेच दिसतो. तरी रात्र रात्र जागून हाताने टायट्रेशन कशाला? कारण संवेदकाची याददाश्त ढळते. आज खरं सांगणारा महिनाभराने थोडं वेगळं सांगतो. म्हणून त्याची गवाही कुपीतल्या पाण्याशी ताडून पाहायची. क्षाराचंही तसंच. आपलं पाणी प्रमाणित समुद्रजलाशी तोलायचं, जे पूर्वी कोपनहेगनहून येई, आता इंग्लंडहून येतं. आकडा कुठून आला, कुणी घेतला, कशाशी ताडला, ही साखळी तुटली तर तो वहीत राहतो, पण त्याला वजन नसतं.

मदरशात शिकलेल्या कुणालाही ही रीत ओळखीची वाटेल. हदीस जमा करणाऱ्यांनी हेच केलं होतं. रावी कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, त्याची याददाश्त कशी, तो सचोटीचा होता का? मजकूर कितीही सुंदर असो, सनद नसेल तर बाजूला ठेवायचा. असा वारसा असलेल्या समाजात बिनसनदीचे फॉरवर्ड इतके चालावेत, याचं मला नवल वाटतं.

बरं, हे काम आपल्याला परकंही नाही. १९३३-३४ मध्ये अरबी समुद्र मोजणाऱ्या मोहिमेचं जहाज इजिप्तचं होतं, नाव 'मबाहिस', म्हणजे शोध. इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर त्यावर अब्देल फत्ताह मोहम्मद आणि डॉक्टर हुसेन फौझी हे इजिप्शियनही होते. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले सय्यद जहूर कासिम १९८१ मध्ये अंटार्क्टिकाच्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते होते. याच संस्थेच्या सय्यद वाजिह अहमद नक्वींनी अरबी समुद्रातल्या प्राणवायूच्या तुटवड्यावर आयुष्यभर काम केलं.

हे सगळं लांबच्या समुद्राचं नाही. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्याजवळही प्राणवायू हरवलेलं पाणी तळाशी सरकतं. रत्नागिरीकडचे माझे मामू तांडेल आहेत. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, पाऊस सरल्यावर तळाच्या जाळ्यात कधी कधी काहीच नसतं, हे आम्हाला माहीत आहे. पण तू सांगतेस ते कुणी पाहिलं? एकदा पाहिलं की दरसाल पाहतात?"

मी म्हटलं, "मामू, दरसाल पाहतात. गोव्याच्या कांदोळीसमोर १९९७ पासून मोजतात."

"आणि आपल्या रत्नागिरीसमोर?"

माझ्या एका सफरीतल्या पांढऱ्या कुप्या या प्रश्नाला पुरत नाहीत. मासळी कमी होण्यात प्राणवायूचा वाटा किती, मोठ्या ट्रॉलरांचा किती, हे वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्यांची चूल या पाण्यावर पेटते, त्यांच्या घरातली मुलं-मुली त्या मोजणाऱ्यांत असायला हवीत. बारावीला रसायनशास्त्र घेतलेली एखादी भाची-पुतणी तुमच्या घरी असेल, तर तिला सांगा की समुद्राचे रावी कमी पडतायत.