राजवाड्याच्या पत्त्यावर

माद्रिद, २२ डिसेंबर

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रं लिहायची असं ठरवलंय. पानांचे फोटो दादाला पाठवते. तो ओटल्यावर बसून तुला वाचून दाखवेल. कागद मागाहून टपालाने येतीलच.

नाताळच्या सुट्टीत आमचं वसतिगृह ओस पडतं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने मला विचारलंही नाही, परस्पर आईला सांगून टाकलं की ही आपल्याकडे राहणार. तेव्हा सहा जानेवारीपर्यंत माझा मुक्काम यांच्या घरी. घरात तिची आजी, आईवडील आणि दोन धाकटे भाऊ आहेत. आजीला इथे ‘आबुएला’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

आज सकाळी नऊपासून टीव्हीसमोरून कोणी हललं नाही. नाताळच्या लॉटरीची सोडत होती. १८१२ सालापासून ही लॉटरी चालत आली आहे. सान इल्देफोन्सो नावाच्या शाळेची मुलं-मुली सोनेरी पिंजऱ्यांतून निघणारे आकडे गाऊन सांगतात, पाढे म्हणावेत तशा एका लयीत, तासन्‌तास. एका तिकिटाचे दहा भाग. एक भाग २० युरोंचा, आणि पहिलं बक्षीस लागलं तर त्या भागावर ४ लाख युरो. कचेरीतले, गल्लीतले, रोजच्या कॉफीच्या दुकानातले लोक मिळून भाग घेतात. आबुएलाने घेतलेल्या तिकिटाची प्रत काढून तिच्या कडेला वाटेकऱ्यांची नावं पेनाने लिहिली होती. शेवटचं नाव माझं होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण माझंच. पैसे देऊ केले तर तिने हात झटकला. काही लागलं नाही. तो कागद मात्र मी मागून घेतला आहे, वहीत ठेवलाय.

माद्रिद, २५ डिसेंबर

ती. आजी,

काल रात्री इथली ‘नोचेबुएना’ झाली, म्हणजे चांगली रात्र. आपल्या इंदुरात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी राजवाड्याभोवतीची दुकानं कशी लगबगीने आवरतात, तसं शहर सहा-सातनंतर मिटत गेलं. नऊ वाजता टीव्हीवर राजाचं भाषण, आणि पानं मांडेपर्यंत दहा. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, ते पाहत वाढलेल्या मुलीला ही वेळ काही परकी वाटली नाही.

तुला खरी सांगायची गोष्ट दुपारची आहे. पाहुणी म्हणून मी दिवाणखान्यात बसले होते. आबुएलाने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि माझ्यापुढे एक भांडं सरकवलं. गरम पाण्यात भिजवलेले बदाम होते. चिमटीत धरून दाबलं की साल सुटते आणि बदाम टुणकन उडतो. बासुंदीसाठी तू मला हेच काम द्यायचीस. एक बदाम उडून फ्रिजखाली गेला आणि ती म्हातारी अगदी तुझ्यासारखीच ‘जाऊ दे’ अशी मान हलवून हसली. त्या बदामांची तिने दूध, साखर आणि दालचिनी घालून खीर केली, वर पावाच्या चकत्या. याला ते सूप म्हणतात, आणि कास्तीयामध्ये नाताळच्या रात्री ते हवंच. मी मांसमच्छी खात नाही म्हणून जांभळा कोबी सफरचंद आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून वेगळा शिजवला होता. बाकीच्यांना मासा होता.

साखरेला हे लोक ‘अथूकार’ म्हणतात. आपली शर्करा इराणातून अरबांकडे गेली, अरबांनी ती इथे आणली, आणि आता ती आबुएलाच्या डब्यावर त्या नावाने बसली आहे. बदाम आणि मधाची ‘तुर्रोन’ नावाची वडी खाल्ली. एक कडक, आपल्या चिक्कीच्या जवळची, आलिकान्तेची. दुसरी मऊ, तेल सुटलेली, खिखोनाची. तुझ्या दातांना दुसरी चालेल, घेऊन येते.

जेवणानंतर गाणी. वाद्य कुठलं, तर बडीशेपेच्या दारूची रिकामी बाटली, जिच्या काचेवर खवले असतात. त्यावरून चमचा खरवडायचा. आरतीला टाळ हातात आल्यावर आपल्याकडची पोरं जशी फुलतात, तसे धाकटे दोघं फुलले होते.

आणि मला आणखी एक काम मिळालंय. कपाटावर यांनी ‘बेलेन’ मांडलाय, येशूच्या जन्माचा देखावा. बुचाच्या सालीचे डोंगर, पिठाचा बर्फ, आरशाच्या तुकड्याचं तळं. पुण्याला मामाकडे दिवाळीत किल्ला करायचो, हुबेहूब तसा. बाळ मात्र काल मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवलं, तोवर ती जागा रिकामी होती. पूर्वेकडून निघालेले तीन राजे उंटांवर बसून अजून कपाटाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. ते सहा जानेवारीला पोचायचे. त्यांना रोज चार बोटं पुढे सरकवायचं काम या घरात धाकट्या मुलांकडे असतं, यंदा ते त्यांनी मला दिलं.

माद्रिद, १ जानेवारी

ती. आजी,

‘पुएर्ता देल सोल’ म्हणजे सूर्याचा दरवाजा. हा इथला राजवाडा चौक समज. देशातल्या मोठ्या रस्त्यांची अंतरं इथल्या फरशीवरच्या शून्य किलोमीटरच्या खुणेपासून मोजतात. परवा तिथे गेलो होतो. ३० तारखेला तिथे वर्षाच्या शेवटच्या मध्यरात्रीची चक्क रंगीत तालीम असते. १८६६ पासूनचं घड्याळ बारा टोले देतं आणि प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष खायचं. काल मात्र आम्ही घरीच होतो. माझी बारा द्राक्षं आबुएलाने सोलून, बिया काढून वाटीत ठेवली होती. बारा टोल्यांत मला नऊच जमली. इथे बारा वाजले तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार. तू उठून देवापाशी दिवा लावत असशील, हे माझ्या मनात होतं.

माद्रिद, ६ जानेवारी

ती. आजी,

आज सकाळी राजे गव्हाणीपाशी पोचले. शेवटची चार बोटं आम्ही तिघांनी मिळून सरकवली.

काल संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघाली होती. रथांवरून गोळ्या उधळतात आणि लोक छत्र्या उलट्या धरून त्या झेलतात. गर्दीत पोरांना खांद्यावर घेतलेले बाप पाहिले आणि रंगपंचमीची गेर आठवली. बाबांच्या खांद्यावरून मी राजवाड्याचे सातही मजले गुलालात बुडालेले पाहायची. रात्री मुलांनी खिडकीशी बूट मांडले, उंटांसाठी पाणी ठेवलं. आबुएलाने माझेही बूट त्या ओळीत ठेवायला लावले. सकाळी त्यात लोकरीचे मोजे होते, तिने स्वतः विणलेले. कधी विणले, कळलंच नाही.

नाश्त्याला ‘रोस्कोन’ नावाचा कड्याच्या आकाराचा गोड पाव. त्यात एक वालाचा दाणा लपवलेला असतो. ज्याच्या वाट्याला दाणा, त्याने पावाचे पैसे द्यायचे. तो मला आला. या वेळी आबुएलाने हात झटकला नाही, मुकाट्याने पैसे घेतले. आजी, या दोन आठवड्यांत मला सगळ्यांत जास्त आनंद त्या क्षणी झाला. पाहुण्याकडून कोण पैसे घेतं?

आता एक मागणं आहे. आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मणिपूरची मुलगी दिवाळीत एकटीच होती. आपण तिला फराळाचं ताट वर नेऊन दिलं आणि आपलं काम झालं असं मानलं. मीच नेऊन दिलं होतं. आठ दिवसांनी संक्रांत आहे. तिला आदल्या दिवशी खाली बोलाव आणि तीळ भाजायला बसव. लाडू वळताना हात भाजला तर भाजू दे. दादा, हे वाचून झालं की लगेच वर जाऊन तिला सांग.

तुझी नात